सोय नसलेला किनारा आणि सोबतची मंडळी

कोकणच्या किनाऱ्यावर मित्रमंडळींसह एखाद्या साध्या घरात किंवा माडांच्या वाडीत काढलेले दिवस, असा विषय या वेळी वाचकांना दिला होता. रिसॉर्टचे अनुभव नकोत आणि फजिती झाली असल्यास ती लपवू नये, एवढ्याच दोन अटी होत्या. दुसरी अट मंडळींनी फारच मनावर घेतलेली दिसते.

पुण्याहून

आम्ही सहा जण मार्चमध्ये मंडणगड तालुक्यातील वेळासला गेलो होतो. नाना फडणवीसांचे गाव म्हणून ओळखले जाणारे वेळास आता ऑलिव्ह रिडले कासवांसाठी प्रसिद्ध आहे. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेने २००२ च्या सुमारास येथे घरट्यांचे संरक्षण सुरू केले, आणि पुढे गावकऱ्यांनी पाहुण्यांना आपल्याच घरांत उतरवून घ्यायला सुरुवात केली. आमच्या वाट्याला एक पडवी, सहा सतरंज्या आणि वीज असली तर फिरणारा एक पंखा आला.

मादी एका वेळी शंभराच्या आसपास अंडी घालते, ती दीड-दोन महिने वाळूच्या उबेवर राहतात आणि पिल्ले नेमकी कधी वर येतील हे कोणाच्याच हातात नसते. सकाळी आणि संध्याकाळी ठरलेल्या वेळी घरट्यावरची टोपली उचलली जाते. पहिल्या संध्याकाळी टोपलीखाली नुसती वाळू होती, दुसऱ्या सकाळी पुन्हा वाळूच. साहेबाशी भांडून रजा मिळवलेला आमच्यातला एक जण त्या दिवशी जेवणापर्यंत पैसे फुकट गेल्याचे ऐकवत राहिला. त्या संध्याकाळी मात्र टोपली उचलल्यावर वाळूत एक खळगा दिसला आणि त्यात ग्लुकोजच्या बिस्किटाएवढी तीन काळसर पिल्ले वळवळत होती. त्यांना पाण्यापासून थोडे अलीकडे सोडतात, म्हणजे ती स्वतःच्या पायांनी समुद्र गाठतात. एकाला लाट दोनदा उलटे करून मागे टाकून गेली आणि दोन्ही वेळा ते सरळ होऊन पुन्हा निघाले. रजेवाला मित्र दोरीबाहेर उकिडवा बसून ते पाहत होता. रात्री कुळथाची पिठी तिसऱ्यांदा वाढून घेताना तो पहिल्यांदा बोलला.

डोंबिवलीहून

आमची फजिती सर्वस्वी आमचीच आहे. दापोलीजवळच्या मुरुडला ओहोटीच्या वेळी ओली, टणक पुळण पाहून आम्ही गाडी थेट खाली नेली, सुरूच्या सावलीपासून जवळच उभी केली आणि विटांच्या चुलीवर भात चढवला. उभ्या गाडीच्या चाकांखालची वाळू पाणी हळूहळू ओढून नेते, हे आम्हाला ठाऊक नव्हते. साडेतीनला पाणी चाकांना लागले तेव्हा चालवणाऱ्याने जितका जोर लावला तितके चाक खोल गेले.

ट्रॅक्टर घेऊन आलेल्या वाडीवाल्या आजोबांनी आधी एकच प्रश्न विचारला, "आज तिथी कोणती?" सात जणांत एकालाही सांगता येईना. मग त्यांनीच हिशेब सांगितला : तिथीची पाऊणपट करावी, येईल तो आकडा म्हणजे ढोबळमानाने पूर्ण भरतीची वेळ. त्या दिवशी षष्ठी होती, म्हणजे सहाची पाऊणपट साडेचार. भरती रोज पाऊण तासाच्या आसपास पुढे सरकते, म्हणून हे गणित जमते. "पौर्णिमा-अमावास्येचे उधाण असते तर गाडी नाही, नुसता टप दिसला असता," असे म्हणून त्यांनी दोर बांधला. चुलीवरचा भात करपला होता, तो आम्ही तसाच खाल्ला. तेव्हापासून कोकणात जाताना आमच्या गाडीत कालनिर्णय असते.

कोल्हापूरहून

पन्नाशीच्या आम्ही पाच मैत्रिणी, सोबत एकीचाही नवरा नाही, वेंगुर्ला तालुक्यातल्या भोगव्याला राहिलो. न्हाणीघर परसात होते आणि रात्री तिकडे जाताना विजेरीबरोबर एक मैत्रीणही न्यावी लागे. त्या फेऱ्यांत झालेल्या गप्पा इतरत्र झाल्या नसत्या. पहाटे रापण, म्हणजे समुद्रात सोडलेले लांब जाळे, किनाऱ्यावर ओढायला माणसे कमी पडत होती. "नुसत्या बगतास काय, दोरी धरा गो!" अशी हाक आली आणि आम्ही पदर खोचून ओळीत उभ्या राहिलो. तळहातांची साले गेली. ओढणाऱ्याला मासळीचा वाटा द्यायची रीत असल्याने पेडवे आणि दोन बांगडे पदरात पडले, ते यजमानीणबाईंनी तिरफळे घालून शिजवले. पगाराच्या पहिल्या दिवसानंतर कमाईचा असा आनंद मला झाला नव्हता.

गुहागर तालुक्यातून, एका यजमानाकडून

मी पाहुणा नाही, पाहुण्यांना ठेवणारा आहे, तरी लिहितो. साधेपणा हवा म्हणून येणाऱ्यांना तो पहिल्या संध्याकाळपर्यंत फार आवडतो. मे महिन्यात आमची विहीर तळाला गेलेली असते आणि समुद्रातून आलेली दहा माणसे एकामागून एक अंगाची वाळू धुतात, तेव्हा पोफळींच्या पाटाला पाणी उरत नाही. मासे खाणारे किती, हे आदल्या दिवशी कळवा म्हटले तर राग येतो. पण जून-जुलैत मासेमारी बंद असते आणि एरवीही बाजारात मिळेल तेच ताटात येते. पुळणीत पुरलेल्या बाटल्यांविषयी लिहायला बसलो तर ही जागा पुरणार नाही.

एक चौकडी मात्र दरवर्षी येते. पहिल्या खेपेला पाणी शेंदताना त्यांच्या हातून रहाटाचा जुना दोर तुटून कळशी विहिरीत गेली. त्यांनी अख्खी दुपार गळ टाकून ती वर काढली आणि पुढच्या वर्षी येताना कोल्ड्रिंकच्या खोक्याऐवजी साठ हात नवा दोर घेऊन आले. तो अजून रहाटावर आहे.