सेंत-एतियेनच्या जुन्या दुनळीवरील छापावर किती विसंबावे?

रानवाटा:
जुन्या फ्रेंच दुनळी बंदुका केवळ वयामुळे बाद ठरवण्याची घाई मला मान्य नाही. १८८५ च्या कायद्यानंतर फ्रान्समध्ये नळ्यांची चाचणी ऐच्छिक झाली, तरीही चांगले कारागीर आपल्या नळ्या सेंत-एतियेन या फ्रेंच शहरातल्या चाचणीगृहात पाठवत, आणि तिथे वाढीव दाबाचा बार सोसल्याखेरीज नळीवर छाप उमटत नसे. मुकुटाखाली ‘पी.टी.’ ही अक्षरे असतील, तर ती नळी ‘टी’ या बिनधुराच्या दारूवर तपासलेली आहे. मग तिच्यात आजचे साधे काडतूस का चालू नये?

मोजपट्टी:
कारण छाप त्या दिवसाची आहे. नंतर कुणी गंजाचे खड्डे घालवण्यासाठी नळी आतून घासली असेल, तर छाप जागच्या जागी राहते आणि भिंत पातळ होते, तीही बहुधा चेंबरच्या (काडतूस बसते त्या भागाच्या) पुढे, जिथे नेम धरताना डावा हात असतो. अनेक फ्रेंच नळ्यांवर आतला व्यास कोरलेला असतो. तो १८.२ मिमी असून आज १८.६ भरला, तर भिंतीतून ०.२ मिमी धातू गेला. शिवाय जुने चेंबर बहुधा ६५ मिमीचे असते. त्यात ७० मिमीचे काडतूस मिटलेल्या स्थितीत बिनबोभाट बसते, पण बार उडताच त्याचे तोंड पुढच्या निमुळत्या भागात उलगडते आणि दाब चढतो. ‘बसले म्हणजे चालले’ हा हिशोब इथेच फसतो. माझ्या मते नव्याने चाचणी करून घ्यावी.

जुनाबार:
नव्या चाचणीला माझा विरोध आहे, निदान दमास्कस नळ्यांच्या बाबतीत. बंदूक-चाचणीचे नियम ठरवणाऱ्या सी.आय.पी. या आंतरराष्ट्रीय संस्थेच्या आजच्या नियमांत १२ बोअरच्या (नळीचे एक प्रचलित माप) साध्या काडतुसाची मर्यादा ७४० बार (दाबाचे एकक) आहे आणि चाचणीचा दाब ९३०. लोखंड-पोलादाच्या पट्ट्या पिळून आणि जोडून घडवलेल्या नळीवर हा ताण कशासाठी आणायचा? भिंतीची जाडी मोजावी, आणि ती पुरेशी भरली तरच ६५ मिमीची कमी दाबाची काडतुसे वापरावीत.

मोजपट्टी:
मापाने जाडी कळते, पट्ट्यांच्या सांध्यात अडकलेली धातूची मळी कळत नाही. ती नळी ९३० बारला फुटणार असेल, तर चाचणीगृहात फुटलेली बरी, कारण तिथे तिच्यावर कुणाचा हात नसतो.

जुनाबार:
फुटली नाही, पण सांधा आतून उकलला आणि बाहेरून काहीच दिसले नाही, तर नवी छाप घेऊन ती शिकारीला जाईल. त्याचे काय?