जपानची शाळा बघून आलो. आपल्याला नेमकं काय घेता येईल?

पारनेरचे गुरुजी (धागा सुरू)
बहीण टोक्योत निशी कासाईला असते. मे महिन्याच्या सुट्टीत गेलो तेव्हा भाच्याच्या सरकारी शाळेत पालकांना दिवसभर वर्गात बसून बघता येतं तो दिवस होता. मी झेडपीच्या द्विशिक्षकी शाळेवर १८ वर्षं आहे, त्यामुळे नजर सगळीकडेच जात होती. रोबो वगैरे काही नाही हो, लाकडी बाकं, फळा, खडू, वर्गात ३३ पोरं. दुपारी पोरांनीच अ‍ॅप्रन-टोपी घालून सगळ्यांना जेवण वाढलं, बाई तेच जेवल्या, मग सगळ्यांनी मिळून वर्ग आणि जिना पुसला.

पण मला भिडलं ते वेगळंच. तिथे प्राथमिकची शंभरातली अठ्ठ्याण्णव पोरं सरकारी शाळेत जातात. शिक्षकांची दर काही वर्षांनी बदली होते, चांगला शिक्षक एकाच शाळेला धरून राहत नाही. डोंगरातल्या, बेटावरच्या शाळांसाठी १९५४ पासून वेगळा कायदा आहे, तिथे जाणाऱ्याला जादा भत्ता मिळतो. आपल्याकडे पट २० च्या खाली गेला की आधी समूह शाळेची (छोट्या शाळा मिळून एकच मोठी) चर्चा, आणि ज्याला परवडतं तो पोराला तालुक्याच्या इंग्लिश मिडीयमच्या व्हॅनमध्ये बसवतो. घ्यायचं तर हे घ्या, नुसतं पोरांनी झाडू मारतानाचे व्हिडिओ फिरवून काय होणार.

कासाईची आई
गुरुजी, एक दिवस बघून सगळं कळत नाही, रागावू नका. माझी दोन्ही मुलं इथल्या सरकारी शाळेत शिकली, प्राथमिकपर्यंत छानच. पण टोक्योत खाजगी माध्यमिक शाळेसाठी चौथीपासून क्लास सुरू होतात, रात्री नऊला पोरं दप्तर घेऊन स्टेशनवर दिसतात. आणि शाळेत जायलाच नको म्हणणारी मुलं २०२३ च्या शालेय वर्षात ३ लाख ४६ हजारांच्या वर होती, पहिली ते नववी मिळून, हा सरकारी आकडा आहे. माझी मोठी त्यातली एक, सहा महिने घरी होती. सगळ्यांनी सारखंच वागायचं, याचा त्रास ज्याला होतो त्यालाच कळतो. शिवाय सक्तीच्या शिक्षणाचा कायदा परदेशी मुलांना लागू नाही, आपण अर्ज केला तर घेतात, नाही केला तर विचारणं बंधनकारक नाही. आपला आरटीई (शिक्षण हक्क कायदा) निदान प्रत्येक मुलाला हक्क म्हणतो.

झेडपी_मास्तर_नंदुरबार
बदलीचं बोलू नका राव. अवघड क्षेत्रात मी ११ वर्षं काढली, भत्ता कागदावर असतो पण राहायला खोली नाही, पावसाळ्यात नदी ओलांडून जायचं. आणि जपानचे शिक्षक सुखी आहेत असं समजू नका, २०१८ च्या आंतरराष्ट्रीय पाहणीत तिथले माध्यमिक शिक्षक आठवड्याला ५६ तास काम करत होते, भाग घेतलेल्या देशांत सगळ्यात जास्त. आमच्याकडे बीएलओ (मतदार यादीचं काम), सर्वेक्षण, ऑनलाइन माहिती, तिथे खेळाचे क्लब. शिकवायला वेळ दोन्हीकडे उरत नाही.

पारनेरचे गुरुजी
@कासाईची आई, तुमच्या लेकीचं वाचून वाईट वाटलं, ती बाजू मला दिसली नव्हती हे खरं. जेवणाचंही सांगतो, भाच्याच्या वर्गाचं जेवण बघून सगळे वा वा करतात पण तिथे वर्षानुवर्षं पालकांनी पैसे भरले, फुकट द्यायला आत्ता आत्ता सुरुवात झाली. आपल्याकडे २००१ च्या सुप्रीम कोर्टाच्या आदेशानंतर शिजवलेलं अन्न मोफत मिळतं, खिचडीला नावं ठेवणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं. तरी सगळ्यांची पोरं एका शाळेत, या मुद्द्यावर मी ठाम आहे.

वाड्याबाहेरची
मला साफसफाईवर बोलायचंय. आमच्या शाळेत पण पोरंच झाडायची, पण कोण? १९९४ ला मी चौथीत होते, मुतारीत पाणी टाकायला आमच्याच वस्तीतल्या चौघींना पाठवायचे, बाकीचे खो-खो खेळायचे. आईने विचारलं तर गुरुजी म्हणाले सवय असते त्यांना. त्यामुळे जपानची पोरं बघा कशी स्वच्छता करतात असं कुणी म्हटलं की माझ्या पोटात गोळा येतो.

पारनेरचे गुरुजी
ताई, तुमचं शंभर टक्के बरोबर. तिथे गट पाडून पाळी लावतात, कुणालाच सूट नाही. परत आल्यापासून मी हजेरी क्रमांकाने पाळी लावलीय, माझा पण नंबर आहे. दोन पालक भांडायला आले होते, आमच्या पोराला झाडू का दिला म्हणून. त्यांना माझा नंबर दाखवला.

वाड्याबाहेरची
आणि मुतारी?

पारनेरचे गुरुजी
ती अजून पाळीत घेतली नाही. नळ गेल्या वर्षी आला.

वाड्याबाहेरची
घेऊच नका. वर्ग झाडणं वेगळं. मुतारीला ग्रामपंचायतीकडून पगारी माणूस मागा, आणि तोही दरवेळी आमच्याच वस्तीतून आणू नका.