एलएचसीच्या गाभ्यात एकाच चिपचा डिटेक्टर का नको?

मंदार: एलएचसीची, म्हणजे सर्नमधल्या प्रोटॉन आदळवणाऱ्या महायंत्राची, वाढीव आवृत्ती २०३०च्या सुमारास सुरू होईल. प्रोटॉनांचे थवे दर २५ नॅनोसेकंदांनी एकमेकांना छेदतील आणि दर वेळी १४० ते २०० टकरी होतील. त्या गर्दीतून एकेका कणाची वाट शोधायला अ‍ॅटलास आणि सीएमएस या तिथल्या दोन प्रयोगांनी पुन्हा हायब्रिड पिक्सेलच घेतलेत: सेन्सर वेगळा, वाचणारी चिप वेगळी, पिक्सेलागणिक मध्ये दोन्हींना जोडणारा धातूचा एक ठिपका. मला हे पटत नाही. अ‍ॅलिस या तिथल्याच आणखी एका प्रयोगाने २०२१ मध्ये सेन्सर आणि इलेक्ट्रॉनिक्स एकाच चिपवर असलेला साडेबारा अब्ज पिक्सेलांचा डिटेक्टर बसवला. आतल्या थरांत चिप फक्त ५० मायक्रॉन जाड. वाटेत सामान कमी, तर कण भरकटतो कमी.

कृत्तिका: तुलनाच चुकतेय. अ‍ॅलिस शिशाच्या अणुकेंद्रांच्या टकरी बघते, सेकंदाला ५० हजारांच्या घरात. इथे सेकंदाला ४ कोटी छेद. आणि प्रारणाचा मार साधारण हजारपट: सगळ्यात आतल्या थरावर दर चौरस सेंटिमीटरला एकावर सोळा शून्यं इतक्या न्यूट्रॉनांएवढा. कण १०० मायक्रॉन सिलिकॉनमधून गेला की जेमतेम ८ हजार इलेक्ट्रॉन सुटतात. स्फटिक असा झोडपला गेला की त्यातले बरेच वाटेतच अडकतात. म्हणून तिथे थ्रीडी सेन्सर आहेत. त्यांचे इलेक्ट्रोड पृष्ठभागावर नसतात, सिलिकॉनमध्ये खांबासारखे उभे रोवलेले असतात. ५० बाय ५० मायक्रॉनच्या पिक्सेलात मधल्या खांबापासून कोपऱ्यातला खांब ३५ मायक्रॉनवर, सेन्सर कितीही जाड असो. असा सेन्सर चिपच्या कारखान्यात होत नाही, तो वेगळाच बनवावा लागतो.

पश्चिमवारा: कृत्तिकाताई, आतल्या थराचं मान्य. पण ठिपक्यांचं दुखणं मी टेबलावर पाहिलंय. मॉड्यूल, म्हणजे सेन्सर-चिपचा जोडलेला संच, थंड-गरम करून काढलं, तर कोपऱ्यातले ठिपके सुटलेले. वरच्या लवचीक पट्टीतलं तांबं सिलिकॉनपेक्षा जास्त आकसतं आणि ताण सगळा कडेला येतो. कित्येक आठवड्यांचं काम गेलं.

मंदार: तेच म्हणतोय! बाहेरच्या थरात मार कमी, क्षेत्रफळ मोठं, ठिपक्यांचा खर्चही तिथेच. अ‍ॅटलासने सर्वांत बाहेरच्या पिक्सेल थरासाठी एक-चिपचा पर्याय तपासला होता. सोडायला नको होता.

कृत्तिका: एका थरापायी दुसरी चिप, दुसरा वीजपुरवठा, दुसरी चाचणी उभी करायची? बाहेरचे थर एकदा बसले की काढता येत नाहीत. अ‍ॅटलासमध्ये प्रयोगाच्या मध्यावर बदलायची सोय आहे ती आतल्या थरांचीच. बाहेर मी सिद्ध झालेलंच तंत्र लावेन.