मदत हवी आहे: पल्स देऊनही ब्लिओमायसिनचा परिणाम दिसत नाही (इलेक्ट्रोपोरेशन, ४ मिमी कुव्हेट)

कुव्हेटकर

नमस्कार मंडळी. बी१६-एफ१० या उंदराच्या मेलानोमा पेशींवर इलेक्ट्रोकेमोथेरपीचा (विजेच्या पल्सने पेशीपटलात तात्पुरती छिद्रं पाडायची, म्हणजेच इलेक्ट्रोपोरेशन, आणि त्यांतून कर्करोगाचं औषध आत न्यायचं) साधा प्रयोग बसवायचा आहे. तो बसत नाहीये. तपशील असा:

पेशी ट्रिप्सिनने सोडवून १०% सीरम असलेल्या नेहमीच्या मीडियात, मिलिलिटरला ४० लाख. अॅल्युमिनियमच्या पट्ट्यांचा ४ मिमी कुव्हेट (दोन समोरासमोर पट्ट्यांची छोटी डबी, अंतर ४ मिमी), त्यात ४०० मायक्रोलिटर. औषध ब्लिओमायसिन, १०० नॅनोमोलर. ८ पल्स, प्रत्येकी १०० मायक्रोसेकंद, १ हर्ट्झ. यंत्रावर ४०० व्होल्ट, म्हणजे सेंटिमीटरला १००० व्होल्ट. पल्सच्या आधी आणि नंतर कुव्हेट बर्फावर. २४ तासांनी एमटीटी (जिवंत पेशींच्या चयापचयाने जांभळी होणारी चाचणी).

४०० व्होल्टला 'फक्त ब्लिओमायसिन' आणि 'पल्स + ब्लिओमायसिन' यांत काडीचाही फरक नाही. ६०० व्होल्टला नुसत्या पल्सनेच जवळपास ४०% पेशी जातात, औषध असो वा नसो. ५००० हर्ट्झवरही करून पाहिलं, तर काहीच होत नाही. १ हर्ट्झपेक्षाही वाईट. औषधाची कुपी खराब आहे, असा संशय येतोय. काय चुकतंय?

ओहमदास

कुपीला नंतर दोष देऊ. पल्सजनक कुठला आहे? आत कपॅसिटर किती मायक्रोफॅरडचा, आणि आउटपुटला सिरीजमध्ये रोधक आहे का? ४०० व्होल्ट हा आकडा यंत्राच्या पडद्यावरचा की कुव्हेटच्या पट्ट्यांवर मोजलेला?

कुव्हेटकर

पल्सजनक घरचाच, इलेक्ट्रॉनिक्सवाल्यांनी बनवून दिलेला. १० मायक्रोफॅरड, आयजीबीटीचा (उच्च दाबाचा ट्रान्झिस्टर) स्विच, संरक्षणासाठी सिरीजमध्ये १० ओहम. ४०० हा पडद्यावरचा आकडा. पट्ट्यांवर मोजलेलं नाही.

ओहमदास

मग बरंचसं उत्तर इथेच आहे. कागदावर मांडू.

४ मिमी कुव्हेटमध्ये ४०० मायक्रोलिटर म्हणजे पट्टीचं भिजलेलं क्षेत्रफळ १ चौ. सेमी. मीडियाची वाहकता मीटरला सुमारे १.५ सीमेन्स धरली, तर कुव्हेटचा रोध २७ ओहमच्या आसपास येतो. त्याच्या मागे तुमचे १० ओहम. म्हणजे ४०० व्होल्टपैकी कुव्हेटवर पडतात २९० च्या आसपास, बाकीचे रोधकातच जातात. एवढ्यावर भागत नाही. १० मायक्रोफॅरड गुणिले ३७ ओहम म्हणजे ३७० मायक्रोसेकंदांचा काळस्थिरांक (कपॅसिटर किती झपाट्याने रिकामा होतो त्याचं माप). १०० मायक्रोसेकंदांच्या एका पल्समध्ये कपॅसिटर २४% रिकामा होतो. सपाट माथ्याची चौकोनी पल्स मिळतच नाही, उताराची मिळते: २९० पासून सुरू, २२० ला संपते. पेशींना मिळालं सेंटिमीटरला ७३० ते ५५० व्होल्ट, आणि वहीत नोंद झाली १००० ची.

५००० हर्ट्झचं कोडंही यातच सुटतं. दोन पल्समध्ये फक्त १०० मायक्रोसेकंद मोकळे. तेवढ्यात साधा चार्जर कपॅसिटर भरूच शकत नाही. प्रत्येक पल्स आधीच्या पल्सच्या उरलेल्यावर जगते. आठवी पल्स सुरू होताना कपॅसिटरवर ६० व्होल्टसुद्धा नसतात. तुम्ही आठ पल्स दिल्याच नाहीत. दोन बऱ्या, दोन मरतुकड्या आणि चार नावाला. (५००० हर्ट्झ रुग्णांसाठी सोयीचं, कारण आठ झटक्यांऐवजी स्नायूंचं एकच आकुंचन होतं. कुव्हेटला कसलाच त्रास नसतो, तेव्हा तुम्ही १ हर्ट्झच ठेवा.)

आता मोजमाप. पट्ट्यांवर ऑसिलोस्कोप लावा, पण प्रोबची अर्थ-क्लिप कुव्हेटला लावू नका. आयजीबीटी खालच्या बाजूला असेल तर कुव्हेटचं एकही टोक अर्थला नसतं, आणि क्लिप लावताच स्कोपच्या अर्थमधूनच शॉर्ट होतो. उच्च दाबाचा डिफरन्शियल प्रोब घ्या. नसेल तर १००:१ चे दोन प्रोब घेऊन दोन चॅनलची वजाबाकी करा. ट्रिगर 'सिंगल'वर, एका घराला २० मायक्रोसेकंद. पल्स माथ्यावर सपाट हवी. कडेला थोडी चोच निघालेली दिसली तरी चालेल.

कुव्हेटकर

अरे बापरे. मग १० ओहम काढून टाकू?

ओहमदास

मुळीच नको. कुव्हेटमध्ये बुडबुडा राहिला आणि ठिणगी पडली, तर प्रवाह अडवणारे तेच १० ओहम आहेत: ४०० व्होल्टला ४० अँपिअर. ते काढलेत की आयजीबीटी पहिल्याच ठिणगीला जाईल. रोधक राहू दे, कुव्हेटचा रोध वाढवा. म्हणजेच मीडिया सोडा आणि कमी वाहकतेच्या बफरमध्ये पल्स द्या.

५०० मिलिलिटरसाठी: सुक्रोज ४२.८ ग्रॅम (२५० मिलिमोलर), मॅग्नेशियम क्लोराइड हेक्झाहायड्रेट ०.१ ग्रॅम (१ मिलिमोलर), पोटॅशियम फॉस्फेट एकूण १० मिलिमोलर, पीएच ७.४. पीएच डायपोटॅशियम आणि मोनोपोटॅशियम फॉस्फेट एकमेकांत मिसळूनच जुळवा. आम्ल-अल्कली ओतत बसलात तर वाहकता वाढत जाते. ०.२२ मायक्रॉनच्या फिल्टरमधून गाळा, ऑटोक्लेव्ह करू नका.

याची वाहकता मीडियाच्या साधारण दहावा भाग. कुव्हेटचा रोध २७० ओहमच्या घरात जातो. मग त्याच यंत्रावर पट्ट्यांवर ३८५ व्होल्ट पडतील आणि पल्सच्या शेवटी ३७० उरतील. प्रवाह दीड अँपिअरच्या आत. जमलं तर कपॅसिटर १०० मायक्रोफॅरडचा करा, मग उतार जवळपास दिसणारच नाही. पण ४०० व्होल्टला त्यात ८ ज्यूल साठतात, जिवावर बेतू शकतं. कायमचा १०० किलोओहमचा निचरा रोधक लावा (४७ किलोओहमचे दोन सिरीजमध्येही चालतील, व्होल्टेज वाटून घेतात) आणि बंद केल्यावर मिनिटभर थांबून, मीटरने शून्य पाहूनच आत हात घाला.

एक चूक हमखास होते: पेशींचा गाळ बफरमध्ये मिसळताना वरचा मीडिया पूर्ण काढला जात नाही. ५०० मायक्रोलिटर बफरात ५० मायक्रोलिटर मीडिया शिल्लक राहिला तरी वाहकता जवळपास दुप्पट. सेंट्रिफ्यूजमध्ये २०० जी ला ५ मिनिटं, बफरने दोनदा धुवा.

पटलपाल

ओहमदासांनी विजेची बाजू मांडली, मी पेशींची मांडतो.

पेशीपटलावर येणारा जास्तीचा विभव = १.५ × विद्युतक्षेत्र × पेशीची त्रिज्या, तोही फक्त पट्ट्यांकडे तोंड असलेल्या दोन ध्रुवांवर. त्रिज्या ७ मायक्रॉन धरा. सेंटिमीटरला १००० व्होल्ट असतील तर १.०५ व्होल्ट, ५५० असतील तर ०.५८. पटल सच्छिद्र व्हायला साधारण अर्धा ते एक व्होल्ट लागतो, म्हणजे तुमच्या ४०० व्होल्टच्या पल्स उंबरठ्यावर रेंगाळत होत्या. मोठ्या पेशी उघडल्या असतील, लहान नाही.

६०० व्होल्टला मात्र तुमचं क्षेत्र खरं तर बरोबर जागी होतं! सुरुवातीला १०९०, शेवटी ८३०. मग नुसत्या पल्सने ४०% का गेल्या? उष्णतेने नाही. पूर्ण ४०० व्होल्ट आणि १५ अँपिअर मीडियात मिळाले असते तरी आठ पल्सनी द्रावण जेमतेम ३ अंशांनी तापलं असतं. माझा संशय बर्फावर आणि पिपेटवर आहे. पटलातली छिद्रं ३७ अंशांना काही मिनिटांत बुजतात. बर्फावर ती कितीतरी वेळ उघडी राहतात, आतलं बाहेर जातं आणि मीडियातलं कॅल्शियम आत शिरत राहतं. त्यात पल्स झाल्या झाल्या १ मिलिलिटरच्या टिपने ढवळलंत तर उघड्या पेशी फाटतात. पल्स खोलीच्या तापमानाला द्या. नंतर कुव्हेटला ५ मिनिटं हात लावू नका. मग ३७ अंशांचा सीरमयुक्त मीडिया कडेने सोडा, १० मिनिटं इनक्युबेटरमध्ये ठेवा, आणि त्यानंतर रुंद तोंडाच्या टिपने हलकेच काढा.

पण खरी गफलत एमटीटीच्या वेळेत आहे. ब्लिओमायसिन डीएनएचे दोन्ही धागे तोडतं. कमी मात्रेत पेशी लगेच मरत नाही, विभाजनाला जाते तेव्हा मरते. २४ तासांनी ती चयापचय करतच असते, एमटीटी जांभळं होतंच, आणि तुम्हाला वाटतं औषध चाललं नाही. ७२ तासांना वाचा, किंवा सरळ कॉलनी मोजा: ६ सेमी डिशमध्ये २०० ते ३०० पेशी, ७ दिवस, मग ०.५% क्रिस्टल व्हायोलेट, ५० किंवा जास्त पेशींचा ठिपका तो एक. पेरताना पल्सनंतर पुन्हा जिवंत पेशी मोजून समान संख्या घेऊ नका. तसं केलंत तर पल्सने मारलेल्या पेशी हिशेबातून गायब होतात. सगळ्या गटांतून समान आकारमान पेरा.

गट निदान सहा हवेत: अस्पर्श, बफरात तेवढाच वेळ पण पल्स नाही, फक्त औषध, फक्त पल्स, औषध घालून पल्स, आणि पल्स देऊन ३० मिनिटांनी औषध. हा सहावा गट बहुतेक जण गाळतात, पण छिद्रं बुजली हे तोच सांगतो. पाचव्या गटाची तुलना अस्पर्श गटाशी करू नका. 'फक्त पल्स'मध्ये ८५% आणि 'फक्त औषध'मध्ये ९७% जगल्या, तर निव्वळ बेरजेच्या परिणामाने (०.८५ × ०.९७) ८२% जगायला हव्या होत्या. त्याहून बऱ्याच खाली गेलात तर पल्सने औषध आत नेलं.

कुपीबद्दल एवढंच: ब्लिओमायसिनवर 'युनिट' छापलेले असतात, मिलिग्रॅम नाही. १ मिलिग्रॅम म्हणजे साधारण दीड ते दोन युनिट. १५ युनिटची कुपी १५ मिलिग्रॅमची समजलात, तर मात्रा अर्ध्यापर्यंत घसरते. त्याने निकाल थोडा हलेल, शून्य होणार नाही. सलाइनमध्येच विरघळवा, डेक्स्ट्रोजमध्ये नको.

क्षारपटल

पटलपालांशी सहमत, पण औषधाआधी रंगाने तपासा. प्रोपिडियम आयोडाइड (पटल उघडं असलेल्या पेशींतच शिरणारा रंग) ३० मायक्रोमोलर पल्सच्या आधी घाला, पल्सनंतर ५ मिनिटांनी फ्लो सायटोमीटरवर (एकेक पेशी मोजणारं यंत्र) वाचा: या उघडलेल्या पेशी. दुसऱ्या नळीत तोच रंग पल्सनंतर ३० मिनिटांनी घाला: या न बुजलेल्या, म्हणजे मेलेल्या. व्होल्टेज २०० पासून ५०-५० ने चढवा आणि दोन्ही रेषा एकाच आलेखावर काढा. पहिली वर गेली आहे आणि दुसरी अजून खाली आहे, तीच तुमची खिडकी. पेशी बदलली, बफर बदलला की हा आलेख नव्याने.

ब्लिओमायसिनचा रेणू प्रोपिडियमच्या दुपटीहून मोठा आहे, म्हणून खिडकीच्या डाव्या काठावर बसू नका, मध्यावर बसा. आणि पल्स चालू असताना प्रवाह वाढतो का, हे पाहून 'छिद्रं पडली' असं ठरवायचा मोह टाळा. तुमच्या घनतेला पेशी आकारमानाच्या २% सुद्धा नाहीत. तो फरक स्कोपवर दिसणार नाही.

पुढे कोणी सिसप्लॅटिन वापरणार असेल तर: डीएमएसओ या द्रावकात ते निकामी होतं, आणि अॅल्युमिनियमशी त्याची अभिक्रिया होते. कुव्हेटच्या पट्ट्या अॅल्युमिनियमच्याच. औषध घालून कुव्हेट भरून ठेवू नका; घाला, पल्स द्या, बाहेर काढा. कुव्हेट धुऊन पुन्हा वापरू नका, हे वेगळं सांगायला नको.

कुव्हेटकर

सगळ्यांचे मनापासून आभार. बफर केला, दोनदा धुतलं, १० ओहम तसेच ठेवले. स्कोपवर सुरुवातीला ३८४, शेवटी ३७१ व्होल्ट. आधी मीडियात मोजून पाहिलं तर ओहमदासांचा उतार जसाच्या तसा दिसला. रंगाचा आलेख काढला: ४०० च्या सेटिंगला बहुतेक पेशी उघडतात आणि ३० मिनिटांनी बहुतेक बुजलेल्या असतात. ब्लिओमायसिनच्या कॉलन्या पेरल्या आहेत, सात दिवसांनी आकडे टाकतो.

दरम्यान पुढचा प्रश्न. उंदरातल्या गाठीवर ६ मिमी अंतराच्या पट्ट्या लावून हेच यंत्र चालेल का? नैतिक समितीची परवानगी आहे.

ओहमदास

४०० व्होल्टचं यंत्र नाही चालणार. पट्ट्यांसाठी २००६ च्या युरोपीय कार्यपद्धतीत सेंटिमीटरला १३०० व्होल्ट धरतात. ६ मिमीला ते ७८० होतात. कपॅसिटर, आयजीबीटी, वायरचं आवरण, सगळंच त्या दाबाचं हवं. शिवाय सच्छिद्र होताना गाठीची वाहकता वाढते, म्हणजे रोध पल्स चालू असतानाच घसरतो. १० मायक्रोफॅरडवर विसंबू नका.

पटलपाल

आणि १३०० हे निव्वळ व्होल्टेज भागिले अंतर आहे, गाठीतलं खरं क्षेत्र नव्हे. त्वचेचा रोध जास्त असल्याने बराच दाब तिथेच खर्च होतो. केस काढा, पट्टी आणि त्वचा यांच्यात वाहक जेलचा पातळ थर द्या. जेल ओघळून दोन पट्ट्या एकमेकींना जोडल्या गेल्या तर प्रवाह गाठीला वळसा घालून जेलमधूनच जातो. स्कोपवर प्रवाह भरपूर दिसतो आणि गाठ जशीच्या तशी राहते. चार पल्स एका दिशेने, मग पट्ट्या ९० अंशांत फिरवून चार. ब्लिओमायसिन शिरेतून दिलं तर उंदरात ३ मिनिटांनी पल्स. पल्स आधी आणि औषध नंतर असं कधीही नको: पल्सनंतर गाठीतल्या रक्तवाहिन्या आकसतात आणि रक्तप्रवाह तात्पुरता अडतो. आत पोचलेलं औषध त्याने अडकून राहतं, बाहेरचं मात्र आत येत नाही.

क्षारपटल

उंदराआधी बटाटा. सोललेल्या बटाट्याच्या चकतीला पट्ट्या लावून पल्स द्या, ओल्या कागदात झाकून दुसऱ्या दिवशी पाहा. जिथे पेशी कायमच्या फुटल्या तिथे काळपट डाग पडतो. डाग पट्ट्यांच्या मधोमध एकसारखा असेल तर पट्ट्या समांतर बसल्या आहेत. एका कडेलाच गडद असेल तर तिथलं अंतर कमी आहे, धारक पुन्हा कसा. डाग फिका पडला तर आठऐवजी ८० पल्स द्या. इथे डाग पाहायचा आहे, पेशी वाचवायच्या नाहीत.