बाहेर भटकणाऱ्या बोक्याला घरात सुरक्षित कसे ठेवावे?

प्रश्न (शाहूपुरी, सातारा)
आमचा दोन वर्षांचा बोका दिवसभर घरात झोपतो आणि दिवेलागणीला पत्र्यावरून जो निघून जातो, तो थेट पहाटे परततो. गेल्या पावसाळ्यात कानामागे पू धरलेली जखम घेऊन आला. गल्लीत कुत्र्यांची टोळी आहे आणि अजिंक्यताऱ्याच्या बाजूला बिबट्या दिसल्याचेही अधूनमधून कानावर येते, त्यामुळे तो परतेपर्यंत घरात कोणालाच स्वस्थ झोप लागत नाही. सासूबाई म्हणतात की मांजर कोंडले तर झुरते, आणि त्यांचे म्हणणे मला डावलवत नाही. बाहेरची सवय लागलेला बोका घरात रमतो का? सुरुवात कोठून करावी?

उत्तर (विश्रामबाग, सांगली)
सुरुवात नसबंदीपासून करावी. बोके रात्री भटकतात ते मुख्यतः मादीसाठी आणि हद्दीसाठी, आणि आपण वर्णन केलेली जखमही बहुधा अशाच भांडणातली असावी. मांजराचा सुळा बारीक असल्याने वरची कातडी लवकर मिटते व आत पू साचतो; शिवाय अशा चाव्यांतून एफआयव्ही हा मांजरांची प्रतिकारशक्ती कमी करणारा विषाणू पसरतो आणि तो आजार पूर्ण बरा करणारे औषध नाही. शस्त्रक्रियेनंतर बोका लगेच शांत होत नाही, कारण संप्रेरके ओसरायला काही आठवडे लागतात. नेमका हाच काळ त्याला घरात रुळवण्यासाठी वापरावा. रेबीजची लसही याच वेळी देऊन घ्यावी.

उत्तर (गोडोली, सातारा)
नसबंदी हवीच, परंतु घरात करण्यासारखे काही नसेल तर मांजर दार शोधणारच. सांज आणि पहाट या त्याच्या शिकारीच्या वेळा असतात, म्हणून दिवेलागणीपूर्वी त्याला आत घेऊन खेळवावे. दोरीला चिंधी बांधून ती जमिनीलगत सरपटवावी, कपाटाआड न्यावी, मध्येच थांबवावी, त्याला दबा धरू द्यावा, शेवटी ती पकडू द्यावी आणि लगेच जेवण वाढावे. शिकार झाली, पोट भरले, अंग चाटून झाले की मांजर आपोआप झोपते. डासांची नायलॉनची जाळी नखांनी फाटते, तेव्हा खिडक्यांना वेल्डमेश, म्हणजे लोखंडी तारांची जाळी, बसवावी. रात्री तो दाराशी कितीही ओरडला तरी दार उघडू नये. एकदा उघडले, की ओरडल्यावर दार उघडते हे त्याच्या पक्के लक्षात राहते. माझ्या मते सर्वांत कठीण भाग हाच आहे आणि त्यासाठी घरातील सर्वांचे एकमत लागते.

उत्तर (मिरज)
घरातील धोकेही पाहावेत. पॅरासिटामॉल मांजरासाठी विष आहे, आणि कुत्र्यांच्या गोचिडांवरील परमेथ्रिनयुक्त औषध त्याला कधीही लावू नये. उंदरांच्या अनेक विषांमुळे होणारा रक्तस्राव काही दिवसांनी दिसतो. म्हणून शंका येताच, लक्षणांची वाट न पाहता डॉक्टरांकडे न्यावे.

सासूबाईंची काळजी रास्त आहे. पहिले काही दिवस तो खिन्न दिसेल, त्याने फारसे बिघडत नाही. त्याच्या खाण्यावर मात्र बारीक लक्ष ठेवावे. उपाशी राहिलेल्या मांजराच्या यकृतात चरबी साठू लागते, म्हणून सलग 24 तास त्याने अन्नाला तोंड लावले नाही तर डॉक्टरांना दाखवावे.