जाळीच्या सागवानी आलमारीला रंग द्यायचाय, पांढऱ्या प्रायमरमधून पिवळे डाग वर येतायत – मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

नागपुरातल्या महाल भागातलं आमचं जुनं घर जुलैत रिकामं करायचंय आणि आई कायमची माझ्याकडे मानेवाड्याला येतेय. ती ७८ वर्षांची आहे. तिच्याआधी तिची जाळीची आलमारी येऊन पोचली. दूध, दही, लोणी ठेवायची ती. मुंग्या चढू नयेत म्हणून तिचे चारही पाय पाण्याच्या वाट्यांत असायचे. रोज सकाळी वाट्यांतलं पाणी बदलायचं काम लहानपणी माझ्याकडे होतं. आई येईल तेव्हा ही आलमारी स्वयंपाकघरात नीट उभी दिसावी, एवढीच माझी इच्छा आहे.

लाकूड सागवानी, वर हिरव्या ऑईलपेंटचे निदान तीन-चार थर. घरात आधी वाद झाला तो रंगावरूनच. मामा म्हणतात, "बाई, चांद्याकडचं, म्हणजे चंद्रपूरचं सागवान आहे हे. २०२३ साली अयोध्येच्या राममंदिराला बल्लारपूरहून लाकूड गेलं, अन् तू त्याच सागवानाला रंग लावून राहिली? खरवडून पॉलिश कर." मला हे पटलं नाही. पॉलिश व्हायचं ते बैठकीतल्या खुर्च्यांना आणि दिवाणाला. स्वयंपाकघरातली आलमारी चुलीच्या धुरात आणि तेलकट हातांत वावरायची, म्हणून तिला पहिल्यापासून रंगच होता. आईला विचारलं तर ती म्हणाली, "जाळीची आलमारी हिरवीच असते." म्हणून बाहेरून हिरवी आणि आतून क्रीम, हे ठरलंय. आतला रंग उजळ हवा, कारण आईला आता कमी दिसतं.

पहिली चूक माझ्याकडून झाली. मागची बाजू मी ८० नंबरच्या पॉलिश पेपरने कोरडीच घासायला घेतली. मुलगा शेजारीच खेळत होता. रात्री वाचताना कळलं की घरगुती रंगांत शिसं ९० पीपीएमपेक्षा (दहा लाख भागांत ९० भाग) जास्त नको, हा नियम आपल्याकडे १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. म्हणजे त्याआधीच्या ऑईलपेंटमध्ये शिसं भरपूर असू शकतं, आणि आमचा रंग तर त्याहून कितीतरी जुना. काम तिथेच थांबवलं. झाडू न मारता ओल्या फडक्याने सगळी गॅलरी दोनदा पुसली. ज्यांच्या घरात लहान मुलं आहेत त्यांनी जुना रंग कोरडा घासू नका, ही कळकळीची विनंती. आता जिथे रंग घट्ट आहे तिथे तो काढणारच नाही. पाण्याचा २२० नंबरचा पेपर ओला करून नुसती चमक मोडायची आणि वर नवा रंग द्यायचा. जिथे पोपडे सुटलेत तिथे पेंट रिमूव्हर लावून ओलं असतानाच पत्रीने (रंग खरवडायच्या पट्टीने) खरवडायचं. हीट गनने शिशाची वाफ उठू शकते, म्हणून ती नको. रिमूव्हर कुणी पल्ल्याच्या (दाराच्या) कोपऱ्यातल्या कोरीवकामावर वापरलाय का? तिथे पत्री जात नाही.

आता मुख्य अडचण. एका पल्ल्याची आतली बाजू लाकडापर्यंत मोकळी झाली होती. तिच्यावर पाण्यात मिसळायच्या पांढऱ्या प्रायमरचे दोन हात दिले. दुसऱ्या दिवशी पिवळट तपकिरी डाग, चहा सांडल्यासारखे. पेंटरभाऊ म्हणाले, "काही नाही होत ताई, अजून एक हात मारून देतो." तिसरा हात दिला, डाग पुन्हा वर आले. माझ्या समजुतीप्रमाणे सागवानातलं नैसर्गिक रंगद्रव्य पाण्यात विरघळून प्रायमरबरोबर वर येतंय, त्यामुळे पाण्याचे कितीही हात दिले तरी तेच होणार.

म्हणून जुन्या सागवानी फळीचा एक तुकडा घेऊन तीन भाग केले. पहिल्या भागावर तोच पाण्याचा प्रायमर, दुसऱ्यावर थिनरने पुसून तेलाचा वूड प्रायमर, तिसऱ्यावर स्पिरिटमध्ये विरघळवलेल्या चपड्याचे (लाखेचे, म्हणजे शेलॅकचे) दोन पातळ हात आणि मग प्रायमर. पाच दिवस झाले. पहिला भाग डागाळला. दुसऱ्यावर एका गाठीपाशी पुसट सावली आहे. तिसरा स्वच्छ. पण हा चपडा एका सुताराकडून वाटीभर मागून आणलेला होता. साध्या चपड्यात मेण असतं आणि वरचा रंग त्याला नीट धरत नाही, असं ऐकलंय. तुमचा अनुभव काय? वर्षा-दोन वर्षांनी रंग सुटला का?

पायांचं दुखणं वेगळंच. इतकी वर्षं पाण्यात आणि नंतर कुलरच्या ओलीत उभे राहून दोन पाय खालून तीन इंच पोकळ झालेत. सुतार म्हणतो चारही पाय तीन इंच कापा आणि बुटकी वापरा. मला ते नको, आईला खाली वाकवत नाही. खराब भाग कापून, आतून लाकडी खुंटी घालून सागवानाचाच तुकडा जोडायचा, आणि पायाच्या तळाला तेलाचा प्रायमर मुरवून द्यायचा, असं मनात आहे, कारण लाकूड पाणी ओढतं ते तळाच्या कापलेल्या तोंडातूनच. हा जोड भरलेल्या आलमारीचं वजन घेईल का?

जाळी गंजली आहे, ती नवी लावणार, त्यात प्रश्न नाही.

वेळेचंही सांगा. सध्या ४५ अंश आहे, ब्रश फिरवेपर्यंत रंग वाळतो आणि रेघा राहतात. पहाटे सहा ते आठ काम करून बघतेय. कुलरसमोर केलं तर ओल बसते. नवतपा (मे अखेरचे कडक उन्हाचे नऊ दिवस) संपला की लगेच पाऊस, आणि दमट हवेत ऑईलपेंट दिवसेंदिवस चिकट राहतो. दिवाळीपर्यंत थांबणं सोयीचं, पण आई जुलैत येतेय. आत्ता फक्त आतली बाजू आणि पाय करून, बाहेरचा हिरवा ऑक्टोबरवर टाकला तर चालेल?

आणि मेण काढलेला चपडा नागपुरात सुटा कुठे मिळतो? इतवारीत तीन दुकानं पालथी घातली, 'चपडा' म्हटलं की तयार पॉलिशची बाटली समोर ठेवतात. गुरुवारी गांधीबागेकडे जाणार आहे, त्याआधी कुणी सांगितलं तर तिकडूनच घेऊन येईन.