तुम्हाला काय शोभतं, हे तुम्हाला कसं कळलं? (अनुभव सांगा)

बारीककाठ
पावसाने कपाटाला कुबट वास यायला लागला म्हणून काल सगळ्या साड्या काढून पलंगावर पसरल्या. अगदी तळाशी १९९४ चा, बाटली हिरव्या खणाचा ब्लाऊज सापडला. माझ्या लग्नातला. आता माझा एक दंड जाईल त्यात. आतून उलटा करून बघितला तर दोन्ही बाजूंना दीड-दीड इंच माया (शिवणीच्या आतलं जादा कापड) सोडलेली. आईने शिंप्याला बजावून ठेवलेली असणार, "पुढे लागेल."

आणि मग बस्त्याचा दिवस आठवला. लक्ष्मी रोड, मे महिना, गादीवर आई, मावशी, दोन काकू आणि आत्या. मी चार फूट अकरा. दुकानात शिरल्या शिरल्या आत्याने जाहीर केलं, "हिला उंची नाही, काठ बारीक दाखवा." माझा जीव अडकला होता एका मोरपंखी साडीत. राणी रंगाचा वीतभर काठ. दुकानदाराने बिचाऱ्याने खांद्यावर टाकून आरसाही दाखवला. आत्या म्हणाली, "अगं, काठच चाललाय, मुलगी कुठाय?" सगळे हसले. मीही हसले. बारीक काठाची जांभळी घेतली. फोटोत ती चांगली दिसते, हाच तर राग आहे!

त्यानंतर तीस वर्षं मी बारीक काठाच्या बाहेर गेले नाही. गेल्या वर्षी भाचीच्या लग्नात जावेची मोठ्या काठाची नेसायची वेळ आली. भाची म्हणाली, मामी, तुझा घोटाळा काठात नाही, कमरेत आहे. साडीचा पन्हा (रुंदी) ४५-४६ इंच, माझं कमरेपासून जमिनीपर्यंत ३६. उरलेलं सगळं मी कमरेला कोंबत आले, त्यात जाड सुती परकर आणि नाडीची गाठ. उशी बांधल्यासारखं होणारच. तिने साडीची वरची कड आधीच एकसारखी दुमडून इस्त्री केली, नाडीच्या परकराऐवजी तो अंगाबरोबरचा लवचिक परकर दिला, निऱ्या बारीक घेतल्या, पदराच्या मिऱ्या खांद्यावर चार बोटांत बसवल्या. काठ होता तेवढाच मोठा. मीही होते!

तर तुमचं सांगा. कुणी काय डोक्यात भरवलं, कधी चुकलं, कधी जमलं. पुरुषांनीही लिहा, तुम्हालाही अंग असतं.

मुगाची_खिचडी
"काठच चाललाय, मुलगी कुठाय" हहपुवा (हसून हसून पुरेवाट). सगळ्यांच्या आत्या एकाच कारखान्यातून येतात का?
माझीने मला "आडव्या रेघा नकोत, पाणीपट्टीची टाकी दिसतेस" सांगितलं होतं. पाणीपट्टीची टाकी म्हणजे काय ते अजून कळलेलं नाही. पण आडव्या रेघा घेतल्या नाहीत हं कधी.

उंचाडी
माझं नेमकं उलटं. पाच फूट नऊ. साडी नेसले की घोटे उघडे, खालून चपला दिसतात. आई जुन्या परकराच्या कापडाची चार इंच पट्टी साडीच्या वरच्या कडेला जोडायची, ती खोचली जाते, दिसत नाही. कॉलेजात एका मैत्रिणीने माझी साडी उसनी नेली आणि परत देताना म्हणाली, "अगं ही फाटलेली जोडलीस का?"
रेडीमेड कुर्त्यांचं तर विचारू नका. कमरेचा आकार जिथे दिलेला असतो तिथे माझ्या बरगड्या असतात. म्हणून सरळ, बिनकमरेचे कुर्तेच घेते. आणि बाही पाऊणच, म्हणजे लांब बाही तोकडी पडली हे कुणाला कळत नाही.

शिवणवाली_मावशी
मशीन चालू आहे, एका हाताने लिहितेय, चुकलं तर समजून घ्या. २२ वर्षं ब्लाऊज शिवतेय. माप देताना बायका नेहमी एकच सांगतात, ताई, मुंढा (बाही जोडायचा गोल काप) ढिला ठेवा, हात वर करता आला पाहिजे. अहो उलट आहे! मुंढा खोल काढला की बाहीची शिवण काखेपासून खाली जाते आणि हात वर केला की अख्खा ब्लाऊज वर येतो. काखेशी बसता मुंढा असेल तर नुसती बाही हलते, ब्लाऊज जागेवर. बसमध्ये दांडी धरून बघा म्हणजे कळेल.

दुसरं, माप द्यायला जाताना जी ब्रा त्या ब्लाऊजखाली घालणार तीच घालून जा. जुनी सैल झालेली घालून माप देतात आणि लग्नाच्या दिवशी नवीन घालतात, मग टक्सचं (छातीशी घातलेल्या चुणीचं) टोक एकीकडे आणि अंग एकीकडे. शिव्या शिंप्याला. छाती भरलेली असेल तर कटोरी (छातीला वाटीसारखा वेगळा तुकडा) किंवा प्रिन्सेस कट (छातीवरून खाली जाणारी उभी शिवण) शिवून घ्या, साध्या टक्सवर भागत नाही. पाठीचा गळा किती खोल हा तुमचा प्रश्न, पण खांदा उतरता असेल तर मागे नाडी हवीच, नाहीतर दिवसभर खांदा सावरत बसाल.

आणि पंजाबीला सीटचं (बसायच्या भागाचं) माप द्या हो. छाती, कमर देतात आणि सीट विसरतात. कुर्ता बसल्यावर कट ताणतो तो त्यामुळेच.

मुगाची_खिचडी
मावशी तुम्ही कुठे असता?? मी आले.

शिवणवाली_मावशी
सांगलीला. या.

निवांत_नाना
पुरुषांनीही लिहा म्हणालात म्हणून. पन्नाशीनंतर पोट पुढे आलं आणि मी सगळ्या मित्रांसारखा पट्टा पोटाखाली बांधायला लागलो. त्यामुळे कमरेचं माप ३४ च राहतं आणि मनाला बरं वाटतं. पँट मात्र दर दहा मिनिटांनी ओढावी लागते आणि पाय आखूड दिसतात. एका जुन्या शिंप्याने माप घेताना शांतपणे सांगितलं, "साहेब, पोट पँटीत घ्या, पँटीवर ठेवू नका." ३८ ची शिवली, बेंबीजवळ बसणारी, पुढे एकेक चुणी. शर्टाची खांद्याची शिवण दंडावर ओघळत होती ती हाडावर आणली. ऑफिसात दोघांनी विचारलं, वजन कमी केलंत का? एक ग्रॅम नाही.
सौ. म्हणते याचं श्रेय तिला द्या, शिंप्याकडे तिनेच ढकललं.

टिवल्याबावल्या
नाना, आमच्याकडे पद्धत सोपी. बायको पलंगावर काढून ठेवते ते मला शोभतं.

हळदीचा_हात
मला कुणी जाड-बारीक म्हणालं नाही कधी, मला रंग होता. "ही सावळी आहे, फिकं दाखवा" असं आई दुकानात मोठ्याने सांगायची. आईचं वाईट नव्हतं मनात, तिला तिच्या सासूने तेच सांगितलेलं. कपाटात नुसते बेबी पिंक, पिस्ता, लिंबू. त्या सगळ्यात मी आजारी दिसायचे.
पहिल्या पगारात दादरच्या हिंदमाताला एकटी गेले. एका दुकानात गर्द मोहरी रंगाचं सुती कापड होतं. दुकानदाराने गठ्ठ्यातून ओढून माझ्या हातावर टाकलं. कोपरापासून मनगटापर्यंत. मी तशीच बघत राहिले. हाताचा रंग तोच, पण पहिल्यांदा तो कापडाबरोबरचा वाटला. अडीच मीटर घेतलं. आई म्हणाली, "बघू, धुवून किती दिवस टिकतो ते." अकरा वर्षं टिकला.
मुलीला दुकानात नेते तेव्हा तोंड बंद ठेवते. अवघड जातं.

बारीककाठ
हळदीचा_हात, वाचून गप्प झाले. माझ्या आईनेही माझ्या बहिणीला हेच केलं. ती दर संक्रांतीला हट्टाने काळी चंद्रकळा नेसायची, वर्षातून तो एकच दिवस कुणी काही बोलायचं नाही म्हणून.

काकडीची_कोशिंबीर
थोडं अवांतर, पण पुण्यात फॉल-पिकोला हल्ली काय घेतात? माझ्याकडून एकाने १५० घेतले.

उंचाडी
१५० मध्ये फॉल त्याचा की तुझा?

काकडीची_कोशिंबीर
माझा! आणि वर धुतल्यावर फॉल आटला, साडी खालून गोळा झालीय.

शिवणवाली_मावशी
सुती फॉल आधी पाण्यात भिजवून, वाळवून, इस्त्री करून मग लावायचा असतो. तो टप्पा गाळला त्याने. उसवा आणि पुन्हा लावा, साडीचा दोष नाही.

वऱ्हाडी_ठेचा
आमच्या अकोल्याच्या उन्हात ते शिफॉन-बिफॉन काई चालत नाई बाप्पा, अंगाले चिकटते. मी शाळेत शिकवतो म्हणणार होती, शिकवते. (फोन मिस्टरांचा आहे, आपोआप शब्द टाकते.) कॉटनची साडी, अन् खळ कडक. दोन्ही बाजूनं फुगलेली. पाचवीतलं एक पोट्टं मागे बसून म्हणे, मॅडम तंबू लावून आल्या. मले राग यायच्या आधी हसूच आलं.
मग खळ निम्मी केली, अन् निऱ्या खोचल्यावर गुडघ्यापर्यंत हातानं खाली दाबत नेते, थोडं पाणी लावून. बसते चांगली. कडक खळ फक्त २६ जानेवारीले, थंडी असते अन् झेंड्यापाशी ताठ दिसाव लागते.

टिवल्याबावल्या
मॅडम तंबू!! त्या पोराला मार्क द्या.

अटलांटिकपार
इकडे न्यू जर्सीला आल्यावर मी सहा महिने रडले होते, कपड्यांपायी. एका दुकानात ६ नंबर होतो, शेजारच्या दुकानात १० पण चढत नाही. वाटायचं दोन दुकानांमधल्या पार्किंगमध्ये माझं वजन वाढलं. मग कळलं की नंबर म्हणजे काही इंच नव्हेत, जो तो आपल्या मनाने ठरवतो आणि गिऱ्हाइकाला बरं वाटावं म्हणून वर्षानुवर्षं मापं सैल करत आलेत. आता घरातली नीट बसणारी पँट पलंगावर सपाट ठेवून टेपने मोजली आहे. कंबर, सीट, जांघ, लांबी. फोनमध्ये लिहून ठेवलंय, नंबर बघतच नाही.
आणि 'पेटीट' म्हणजे बारीक असं मी समजत होते, लाजून त्या रांगेत जायचेच नाही. ते साधारण पाच फूट चार इंचाच्या आतल्या उंचीसाठी असतं! खांदा, कंबर, गुडघा सगळं वर सरकवलेलं. बारीककाठ, तुमच्यासाठीच आहे ते.

आकडेमोड
भारतातही हाच गोंधळ आहे, कारण आपली मापं पिढ्यान्‌पिढ्या अमेरिका-इंग्लंडच्या तक्त्यांवरून घेतलेली. निफ्टने (फॅशन शिकवणारी सरकारी संस्था) 'इंडियासाइझ' नावाचा प्रकल्प त्यासाठीच हाती घेतला, सहा शहरांत २५,००० लोकांची मापं थ्रीडी स्कॅनरने घ्यायची म्हणून. एम-एल-एक्सेलच्या फंदात पडण्याऐवजी टेप वापरा हे मात्र अगदी बरोबर.

टिवल्याबावल्या
स्कॅनरला "पोट आत घ्या" सांगता येतं का?

निवांत_नाना
मला जमतं. चार सेकंद.

पुन्हा_नवी
लिहू की नको करत होते. अडीच वर्षांपूर्वी डाव्या बाजूचं ऑपरेशन झालं, सगळं काढलं. नंतर वर्षभर नुसते सैल टॉप आणि ओढणी. उन्हाळ्यातही ओढणी. मुलाच्या मुंजीला साडी नेसायची होती. शिवणाऱ्या बाईंना सांगायला लाज वाटत होती, तर त्यांनीच दार लोटून घेतलं आणि म्हणाल्या, "सांगा, कुठे दुखतं, तिथे शिवण नको." आतून मऊ मलमलचं अस्तर, डावीकडे अस्तराला खिसा, त्यात कापसाची गादी बसते. डावा गळा थोडा वर, बाही कोपरापर्यंत कारण हाताला सूज असते. पदर उजव्या खांद्यावर घेऊ का विचारलं तर म्हणाल्या, घ्या की, गुजरातेत घेतातच.
डाव्यावरच घेतला. चार तास उभी होते आणि एकदाही खाली बघितलं नाही.

शिवणवाली_मावशी
पुन्हा_नवी ताई, त्या बाईंना माझा नमस्कार सांगा. एक सुचवते, खिशाला तळाशी एक टाका आडवा घाला, गादी सरकत नाही. बटणं पुढे ठेवा, हात मागे न्यावा लागत नाही.

पुन्हा_नवी
पुढेच आहेत. टाका घालून घेते. थँक्यू.

हळदीचा_हात
पुन्हा_नवी, मिठी.

मुगाची_खिचडी
वाचता वाचता कुकरच्या शिट्ट्या मोजायच्या राहिल्या. आज खिचडी नाही, पिठलं. कुणाला नावावरून काही म्हणायचं असेल तर म्हणून घ्या.

उंचाडी
एक राहिलंच, कुर्त्याला खिसा. कुणाला काय शोभतं ते शोभो, पण फोन ठेवायला जागा नसलेला कुर्ता मी घेत नाही. मात्र खिसा कटाच्या वरच्या शिवणीत आणि फोन पूर्ण आत जाईल इतका खोल हवा, नाहीतर फोनने कुर्ता एका बाजूला लोंबतो आणि एक पाय लांब असल्यासारखं दिसतं.

काकडीची_कोशिंबीर
फॉल उसवला. निम्म्या ठिकाणी टाका घातलेलाच नव्हता!!

बारीककाठ
मावशी, माझ्या खणाच्या ब्लाऊजचं काही होईल का? माया आहे म्हटलं ना. दीड इंच, दोन्ही बाजूंना.

शिवणवाली_मावशी
पुढचा-मागचा भाग धरून एका बाजूला तीन इंच, दोन्हीकडचं सहा. शिवणीला थोडं ठेवावं लागतं, म्हणजे पाच धरा. आत्ताची छाती आणि तेव्हाची यात किती फरक?

बारीककाठ
आठ. (पेठेत राहते, जिलबी समोरच मिळते.)

शिवणवाली_मावशी
मग काखेत पट्टी घालावी लागेल. ३० वर्षांचा खण, नव्याशी रंग जुळणार नाही, तर जुळवायला जाऊच नका. त्या मोरपंखी-राणीसारखी पट्टी घाला सरळ. मुंढा बसेल, बाहीचं मात्र हातात घेतल्याशिवाय सांगता येत नाही. कापड कुजलंय का बघा, शिवणीवर बोटाने ताण देऊन. टर्रकन आवाज आला तर राहू द्या.

बारीककाठ
नाही आला आवाज! कधी पाठवू?

शिवणवाली_मावशी
दसऱ्याच्या आधी पाठवू नका. हातात साठ ब्लाऊज आहेत आणि लाइट गेलीय.